धोतरापासून डेनिमपर्यंत : लालभाई घराण्यातील वारसदारीची वाटचाल

इ. स. १९१२ मध्ये अहमदाबादचे प्रतिष्ठित गिरणीमालक शेठ लालभाई दलपतभाई यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचे चिरंजीव कस्तुरभाई अवघे सतरा वर्षांचे होते. १९ डिसेंबर १८९४ रोजी जन्मलेल्या या तरुणाने नुकताच गुजरात महाविद्यालयात प्रवेश घेतला होता. शिक्षण पुढे चालवावे अशी इच्छा असूनही ते शक्य नव्हते. घरात मातोश्री मोहिनाबा, भावंडे आणि १९०५ साली स्थापन झालेली रायपूर मिल होती. पित्याच्या पश्चात ती गिरणी सांभाळण्याची जबाबदारी या कोवळ्या खांद्यांवर आली. पुस्तके मिटून कस्तुरभाई गिरणीच्या दारात उभे राहिले. त्या दिवसापासून सुमारे सात दशके हे नाव अहमदाबादच्या कापडाशी आणि जैन तीर्थांच्या व्यवस्थेशी जोडलेले राहिले.

लालभाई घराणे मूळचे गिरणीवाले नव्हे. सतराव्या शतकातील प्रख्यात जवाहीर आणि अहमदाबादचे नगरशेठ शांतिदास झवेरी हे त्यांचे पूर्वज. मोगल दरबारात हिरेमाणकांचा व्यवहार करणाऱ्या शांतिदासांनी अहमदाबादेत चिंतामणी पार्श्वनाथांचे भव्य मंदिर उभारले आणि शत्रुंजय तीर्थाच्या रक्षणासाठी बादशाही फर्माने मिळविली. जवाहिऱ्यांचे हे कुळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कापडाच्या धंद्यात उतरले. रणछोडलाल छोटालाल यांनी १८६१ साली अहमदाबादेत पहिली गिरणी सुरू केली, त्यानंतर शहरातील महाजनांचे भांडवल हळूहळू सराफी व जवाहिरीतून चात्या आणि मागांकडे वळू लागले होते.

या घराण्याचा इतिहास पाहताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवते. तीर्थांच्या जीर्णोद्धारात ज्यांनी मूळ शिल्पाची एक रेषाही बदलू नये असा आग्रह धरला, त्याच माणसांनी गिरणीत मात्र जुन्या कापडाचा मोह कधी धरला नाही. लोकांच्या अंगावरचे वस्त्र बदलते आहे हे ओळखले की मागावरचा माल बदलायचा, ही या घराण्याची रीत. ती दोनदा कसोटीला लागली. एकदा १९३१ साली कस्तुरभाईंच्या हातून आणि दुसऱ्यांदा त्यानंतर अर्ध्या शतकाने त्यांचे नातू संजयभाई यांच्या हातून. दुसऱ्या वेळी मात्र घराण्याला तिची जबर किंमतही मोजावी लागली.

आरंभीच्या काळात कस्तुरभाईंनी पेढीच्या गादीवर बसून हुकूम सोडण्यापेक्षा कापसाची पारख शिकण्यावर भर दिला. कापडगिरणीच्या खर्चात सर्वांत मोठा वाटा कापसाचा. गासडी फोडून मूठभर कापूस बोटांत घ्यावा, तंतू ओढून त्याची लांबी व बळ पाहावे, ओल किती आणि कचरा किती याचा अंदाज बांधावा आणि मग भाव ठरवावा, हे ज्ञान कुणाच्या सांगण्यावरून येत नाही. त्यासाठी बाजारात जावे लागते आणि दोन-चारदा फसावेही लागते. कस्तुरभाई ते बाजारात जाऊनच शिकले. पुढे त्यांच्या गिरण्यांची जी कीर्ती झाली, तिचे मूळ या पारखीत होते असे म्हटल्यास वावगे ठरणार नाही.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. इंग्लंडहून येणाऱ्या कापडाचा ओघ आटला आणि देशी गिरण्यांना सुगीचे दिवस आले. रायपूर मिलची भरभराट झाली. त्या नफ्यातून आणि मिळालेल्या पतीवर अशोक मिलची उभारणी झाली. बंधू चिमणभाई व नरोत्तमभाई यांची साथ होतीच. यथावकाश लालभाई कुटुंबाच्या व्यवस्थापनाखालील गिरण्यांची संख्या सातावर गेली.

धंदा वाढत असताना धंद्याबाहेरची लढाईही त्यांनी अंगावर घेतली. हिंदुस्थानात तयार होणाऱ्या गिरणी कापडावर त्या काळी सरकार साडेतीन टक्के उत्पादन शुल्क आकारीत असे. मँचेस्टरच्या मालाला इथल्या मालाची स्पर्धा होऊ नये, हा त्यामागील हेतू उघड होता. १९२३ मध्ये कस्तुरभाई केंद्रीय विधिमंडळावर निवडून गेले आणि या शुल्काच्या रद्दतेसाठी त्यांनी चिकाटीने प्रयत्न केले. १९२६ मध्ये हे शुल्क कायमचे गेले. वयाच्या तिशीत असलेल्या, महाविद्यालयीन शिक्षण अर्धवट सुटलेल्या या गृहस्थाला त्यानंतर देशभरातील उद्योजक ओळखू लागले. पुढे १९३४ च्या सुमारास भारतीय वाणिज्य व उद्योग महासंघाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

आता १९३१ सालाकडे वळू. जगभर मंदीचे सावट होते. कारखाने बंद पडत होते, शेतमालाचे भाव कोसळले होते. अशा वेळी नवी गिरणी काढणे म्हणजे वेडेपणा, असेच कोणालाही वाटले असते. परंतु कस्तुरभाईंच्या दृष्टीने याच परिस्थितीत दोन अनुकूल गोष्टी दडलेल्या होत्या. पहिली म्हणजे यंत्रसामग्री तयार करणाऱ्या विलायती कारखान्यांकडे मागणी उरली नव्हती, त्यामुळे भाव उतरले होते. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. १९३० च्या सविनय कायदेभंगाने विदेशी कापडावरील बहिष्काराला मोठे बळ दिले होते. सुशिक्षित व सुखवस्तू घरांतील स्त्रियांनी मँचेस्टरच्या तलम वायली आणि मलमली दूर सारल्या; पण तलम वस्त्राची त्यांची आवड काही मावळली नव्हती. खादी सर्वांना परवडणारी वा सर्वांना मानवणारी नव्हती. देशी गिरण्यांचे कापड बहुतांशी मध्यम आणि जाड्याभरड्या पोताचे. म्हणजे मागणी होती, माल नव्हता.

ही उणीव भरून काढण्यासाठी अरविंद मिलची स्थापना झाली. भागभांडवल २५ लाख २५ हजार रुपये. ५२,५६० चात्या, दुहेरी पिळाच्या २,५५२ चात्या आणि १,१२२ माग अशी तिची सुरुवातीची क्षमता होती. केवळ सूत आणि कोरे कापड काढून न थांबता धुलाई, रंगाई, चमक देणे आणि अंतिम संस्करण या सर्व प्रक्रिया एकाच आवारात करणाऱ्या त्या काळातील मोजक्या गिरण्यांत तिची गणना होते. धोतरे, साड्या, मलमल, डोरिया, क्रेप, शर्टिंग, कोटिंग, छापील लॉन आणि वायल असा माल येथून बाहेर पडू लागला. १९३४ साली, म्हणजे स्थापनेनंतर तीनच वर्षांनी, विक्री ४५ लाख ७६ हजार रुपयांवर आणि नफा २ लाख ८२ हजार रुपयांवर पोहोचला. मंदीच्या काळात हे आकडे साधे नव्हेत.

तलम सूत काढायचे म्हणजे लांब तंतूचा कापूस हवा. तत्कालीन देशी कापसाचा तंतू प्रायः आखूड. त्यातून जाड सूत निघे. बारीक सूत ताणाखाली तुटे. त्यामुळे तलम कापड विणणाऱ्या गिरण्यांना मिसर आणि पूर्व आफ्रिकेच्या कापसावर अवलंबून राहावे लागे. स्वदेशी वस्त्रासाठी परदेशी कापूस, हा त्यातील विरोधाभास कस्तुरभाईंच्या टीकाकारांनी जरूर दाखवला असता आणि तो खोटा नव्हता. परंतु सूत काढणारे हात, विणणारे हात, रंगविणारे हात आणि त्यातून मिळणारी मजुरी ही सर्व या देशातली होती. चरख्याच्या तत्त्वज्ञानाला गिरणी हा पर्याय होऊ शकत नाही, हे गांधीजी सांगत होते. आणि लोकांच्या अंगावर तलम वस्त्र राहणारच असेल तर ते मँचेस्टरचे असू नये, हे कस्तुरभाई करून दाखवीत होते. दोघांचे एकमेकांशी संबंध मात्र अखेरपर्यंत आदराचे राहिले.

त्या आदराची परीक्षा मजुरीच्या प्रश्नावर झाली. १९१८ च्या प्रसिद्ध संपानंतर अहमदाबादेत मालक व मजूर यांच्यातील तंटे लवादाने सोडविण्याची परंपरा रुजली होती. १९३० नंतरच्या दशकात मंदीचा दाखला देऊन मालकांनी मजुरीत कपातीची मागणी केली, तेव्हा लवाद म्हणून मजुरांच्या बाजूने स्वतः गांधीजी आणि मालकांच्या बाजूने कस्तुरभाई बसले. दोघांचे एकमत झाले नाही. तेव्हा प्रकरण सरपंच या नात्याने मुंबई उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती सर गोविंदराव मडगावकर यांच्याकडे गेले. निकाल मालकांच्या मनासारखा लागला नाही. एका महाराष्ट्रीय न्यायमूर्तीच्या लेखणीने अहमदाबादच्या हजारो मजुरांची मजुरी वाचविली, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही.

कस्तुरभाईंच्या जीवनाची दुसरी बाजू वाचकांच्या अधिक परिचयाची आहे. शेठ आणंदजी कल्याणजी पेढीचे अध्यक्षपद त्यांनी सुमारे अर्धशतक, १९७६ पर्यंत, भूषविले. त्यांच्या कारकिर्दीच्या आरंभीच पालिताणा संस्थानाबरोबरचा यात्रेकराचा वाद विकोपाला गेला. शत्रुंजयाची यात्रा ज्या समाजाच्या प्राणाइतकी प्रिय, त्या समाजाने दोन वर्षे यात्रेवरच बहिष्कार घातला. गिरिराज ओस पडला. अखेर १९२८ मध्ये व्हाइसरॉयच्या मध्यस्थीने तडजोड झाली आणि दरसाल ६० हजार रुपये याप्रमाणे ३५ वर्षांसाठी रक्कम ठरली. वाटाघाटींत ताठरपणा कुठवर धरावा आणि कुठे सोडावा, हे गिरणीच्या व्यवहारात मुरलेल्या माणसाला ठाऊक होते.

राणकपूर, देलवाडा, तारंगा, गिरनार आणि शत्रुंजय येथील जीर्णोद्धाराची कामे त्यांच्या देखरेखीखाली झाली. देलवाड्याच्या कोरीव कामात भर घालायची तर दगडही त्याच जातीचा हवा, म्हणून आरासुरच्या डोंगरातील संगमरवर आणण्यात आला. सोमपुरा शिल्पींची पिढीजात विद्या कामी आली. नंतरच्या काळात भक्तिभावाने पण अविवेकाने केलेली रंगरंगोटी आणि जोडकामे काढून मूळचे शिल्प उघडे करावे, असा त्यांचा कटाक्ष असे. शत्रुंजयावर दादांच्या मुख्य मंदिराला झाकून टाकणारी नंतरची बांधकामे हलविण्याचा निर्णय सोपा नव्हता. त्याला विरोधही झाला. तरी तो अमलात आला आणि तेथील प्रतिमांसाठी नवे जिनालय उभे राहिले.

शिक्षण व संशोधनाच्या क्षेत्रातील त्यांचे कार्य विस्ताराने सांगायचे तर स्वतंत्र लेख लागेल. अहमदाबाद एज्युकेशन सोसायटी, लालभाई दलपतभाई अभियांत्रिकी महाविद्यालय, याच नावाचे प्राच्यविद्या मंदिर, वस्त्रोद्योग संशोधनासाठीची ‘अटिरा’ आणि १९६१ साली स्थापन झालेली भारतीय व्यवस्थापन संस्था या सर्वांमागे डॉ. विक्रम साराभाई आदींच्या जोडीने त्यांचे बळ होते. कापडासाठी लागणारे रंग परदेशातून आणावे लागू नयेत म्हणून वलसाडजवळ ‘अतुल’ हा रंग-रसायनांचा कारखाना त्यांनी उभारला. पंडित नेहरूंच्या हस्ते १९५२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. १९६९ मध्ये त्यांना ‘पद्मभूषण’ किताब मिळाला. २० जानेवारी १९८० रोजी त्यांचे देहावसान झाले. आणंदजी कल्याणजी पेढीची धुरा त्यापूर्वीच पुत्र श्रेणिकभाई यांच्याकडे आली होती.

कस्तुरभाईंनी डोळे मिटले त्याच सुमारास त्यांच्या कापडाचाही काळ संपत आला होता. धोतर शहरांतून हद्दपार होत होते. सुती साडीची जागा कृत्रिम धाग्याच्या, इस्त्री न लागणाऱ्या साडीने घेतली होती. त्याहून मोठा आघात यंत्रमागांचा होता. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सुरत येथील छोट्या छपरांखाली चालणाऱ्या यंत्रमागांवर तेच कापड निम्म्या खर्चात निघू लागले. गिरणीला कामगार कायदे, अबकारी शुल्क आणि जुन्या इमारतींचा भार. यंत्रमागवाल्याला यांपैकी बहुतेक काहीच नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत गिरणी कामगारांचा ऐतिहासिक संप सुरू झाला आणि त्यातून गिरणगाव पुन्हा कधी सावरले नाही. अहमदाबादेत असा एकच एक संप घडला नाही, पण परिणाम फारसा वेगळा नव्हता. पुढील दीड दशकात शहरातील धुराडी एकामागून एक थंड झाली. ज्या शहराला एके काळी पूर्वेकडील मँचेस्टर म्हणत, तेथील गिरणी कामगार रिक्षा चालवू लागले, भाजी विकू लागले. त्या घरांची परवड शब्दांत मावणारी नाही.

अशा वेळी अरविंद मिलची सूत्रे ज्या पिढीकडे आली, तिच्यात कस्तुरभाईंचे नातू संजयभाई लालभाई हे प्रमुख होत. विज्ञानाची पदवी घेतल्यानंतर त्यांनी मुंबईच्या जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्थेत शिक्षण घेतले होते. आजोबांना कॉलेज सोडावे लागले; नातू व्यवस्थापनशास्त्र शिकून आला. पण दोघांच्या समोर आलेला पेच एकच होता. हाती असलेल्या मागांवर विणायचे काय?

घरातल्या ज्येष्ठांसह बसून उत्तर शोधण्यात आले. यंत्रमागवाल्याला जे विणता येणार नाही, ते कापड विणायचे. यंत्रमाग स्वस्त होता, पण त्याच्याकडे मोठी रंगाई नव्हती, एकसारख्या दर्जाचे लाखो मीटर कापड देण्याची ताकद नव्हती आणि परदेशी ग्राहकाच्या कसोटीला उतरण्याची व्यवस्था नव्हती. या तिन्ही गोष्टींची गरज ज्या कापडाला सर्वाधिक, ते म्हणजे डेनिम. अरविंदने १९८० मध्ये ‘फ्लाइंग मशीन’ या नावाने जीन्सची विक्री सुरू केलीच होती. देशी जीन्सच्या नाममुद्रांत ती पहिल्यांपैकी. परंतु डेनिम कापडाचे मोठे उत्पादन १९८६-८७ पासून सुरू झाले. धोतर आणि वायल विणणाऱ्या घराण्याने खाणकामगार आणि गुराखी यांच्या विजारीचे जाड कापड हाती घेतले.

या कापडाची गंमत अशी की ते आपल्याला वाटते तितके परके नाही. जाड्याभरड्या सुती कापडाला इंग्रजीत ‘डंगरी’ म्हणतात. मुंबईच्या डोंगरी भागात विकल्या जाणाऱ्या कापडावरून हे नाव खलाशांनी जगभर नेले. निळ्या रंगाची कथाही तशीच. नीळ ही शतकानुशतके हिंदुस्थानातून बाहेर जाणारी वस्तू आणि तिचे युरोपातील नावही हिंदुस्थानावरूनच पडलेले. आज डेनिमसाठी वापरली जाणारी नीळ मात्र वनस्पतीपासून काढलेली नसते, ती रासायनिक असते.

डेनिममध्ये ताण्याचा धागा निळा आणि बाण्याचा धागा पांढरा, वीण तिरपी. ताण्याचे शेकडो धागे एकत्र करून त्यांचा दोर वळतात आणि तो निळीच्या हौदात बुडवून बाहेर काढतात. हौदात धागा पिवळट-हिरवा दिसतो. हवा लागताच तो डोळ्यांदेखत निळा होतो. अशा बुडव्या पुन्हा पुन्हा दिल्या जातात. तरीही रंग धाग्याच्या गाभ्यापर्यंत जात नाही, वरच्या थरातच राहतो. म्हणूनच जीन्स वापरता वापरता गुडघ्यावर, खिशाच्या कडांवर पांढुरकी होते. इतर कापडात रंग जाणे हा दोष. इथे तोच गुण ठरला आणि त्याचेच पैसे मिळू लागले. कस्तुरभाईंच्या काळी रंग उडालेले कापड घेऊन व्यापारी परत आला असता तर गिरणीत हलकल्लोळ झाला असता!

निर्णय अचूक ठरला. निर्यात वाढली आणि १९९० च्या दशकात अरविंदची गणना जगातील अग्रगण्य डेनिम उत्पादकांत होऊ लागली. १९९३ मध्ये ‘अ‍ॅरो’ या अमेरिकन शर्टाचा परवाना घेऊन कंपनी तयार कपड्यांच्या उच्चभ्रू बाजारात उतरली. पुढे ‘ली’ आणि ‘रँगलर’ यांची भर पडली. पण या काळातील सर्वांत कल्पक पाऊल वेगळेच होते. १९९५ मध्ये ‘रफ अँड टफ’ या नावाने न शिवलेली जीन्स बाजारात आली. एका पाकिटात डेनिमचे कापड, चेन, बटण, पितळी खिळे आणि मागच्या खिशावर लावायचे लेबल. किंमत १९५ रुपये. पाकीट घ्यावे आणि आपल्या गावच्या शिंप्याकडून मापाने शिवून घ्यावे. खेड्यापाड्यातील शिंप्यांना जीन्स शिवण्याचे प्रशिक्षणही देण्यात आले. तयार जीन्सची किंमत न परवडणारा मोठा वर्ग आणि तयार कपड्यांमुळे धंदा गमावू लागलेला शिंपी, या दोघांनाही सामावून घेणारी ही योजना होती. पाकिटे तुफान खपली. लवकरच नकली पाकिटांनीही बाजार भरून गेला, हा यशाचा नेहमीचाच उपसर्ग.

आणि याच यशात पुढील संकटाचे बीज होते. डेनिमची उत्पादनक्षमता वर्षाला दहा कोटी मीटरच्या घरात नेण्यात आली. त्याच वेळी गांधीनगरजवळ सांतेज येथे शर्टिंग, गॅबर्डीन आणि होजिअरीच्या कापडाचा प्रचंड प्रकल्प कर्ज काढून उभारला गेला. इकडे जगभर डेनिमचे कारखाने वाढले आणि तिकडे पाश्चात्य तरुणांची पसंती काही काळ सुती खाकी विजारींकडे वळली. डेनिमचे भाव कोसळले. नव्या प्रकल्पातून पैसा येण्यापूर्वीच व्याजाचे हप्ते सुरू झाले. दोन हजार कोटी रुपयांहून अधिक कर्ज आणि ते फेडण्याइतकी मिळकत नाही, अशी अवस्था शतक सरता सरता आली. जी कंपनी भांडवली बाजाराची लाडकी होती, तिचा समभाग घ्यायला कुणी तयार होईना.

या प्रसंगाचे मूल्यमापन करताना उगाच आडपडदा ठेवण्याचे कारण नाही. लोकांचे वस्त्र बदलते, या घराण्याच्या सनातन सूत्राचा यशाच्या भरात विसर पडला. डेनिम हेसुद्धा शेवटी एक वस्त्रच, त्याचीही ओहोटी येणार. कस्तुरभाईंनी मंदीत, यंत्रे स्वस्त असताना गिरणी काढली होती. इथे तेजीत, सगळेच विस्तार करीत असताना विस्तार झाला, तोही उसन्या पैशावर. परंतु संकटानंतर जे घडले त्यात मात्र जुन्या महाजनी वळणाची खूण दिसते. संजयभाईंनी धनकोंपासून तोंड लपविले नाही. देशी-परदेशी अनेक बँका आणि वित्तसंस्थांना एकाच मेजाभोवती आणून २००१ मध्ये कर्जाच्या पुनर्रचनेची योजना मंजूर करून घेण्यात आली. काहींनी थोडे सोडून रोख घेतले, काहींनी कमी व्याजावर मुदत वाढवून दिली. त्या काळी देशात एवढ्या मोठ्या कर्जाची अशी पुनर्रचना ही नवलाची गोष्ट होती. त्याच वर्षाच्या प्रारंभी भूकंपाने गुजरात हादरले होते. तशा परिस्थितीत कंपनी अवसायनात गेली असती तर नरोडा भागातील हजारो घरांवर पुन्हा तीच वेळ आली असती, जी आधीच्या पंधरा वर्षांत इतर गिरण्यांच्या कामगारांवर आली होती.

सुदैवाने डेनिमची मागणी परतली आणि ठरल्याप्रमाणे फेड सुरू झाली. १ जानेवारी २००५ रोजी वस्त्रनिर्यातीवरील कोटा पद्धती जगभर संपुष्टात आली, त्याचाही लाभ मिळाला. यावेळी मात्र केवळ कापडाच्या मीटरवर विसंबून न राहता शिवलेले कपडे आणि नाममुद्रा यांवर भर देण्यात आला. ‘टॉमी हिलफिगर’, ‘यू. एस. पोलो असोसिएशन’ अशी परदेशी नावे भारतीय दुकानांत आणण्यात अरविंदचा मोठा वाटा आहे. २००८ मध्ये कंपनीच्या नावातून ‘मिल्स’ हा शब्द गेला आणि ती नुसती ‘अरविंद लिमिटेड’ झाली. पंचाहत्तर वर्षांहून अधिक काळ नावात असलेला गिरणीचा मान उतरवताना जुन्या माणसांना चुटपूट लागली असेल, पण मालकांनी तो मोह धरला नाही.

२०१८ मध्ये तयार कपड्यांचा व्यवसाय ‘अरविंद फॅशन्स’ या स्वतंत्र कंपनीत विभागण्यात आला आणि पुढील वर्षी तिच्या समभागांची नोंदणी झाली. संजयभाईंचे पुत्र पुनीत व कुलीन यांच्याकडे जबाबदाऱ्या येत गेल्या. नव्या पिढीनेही न चालणारे सोडून देण्यात दिरंगाई केली नाही. ‘अनलिमिटेड’ ही दुकानांची साखळी २०२१ मध्ये आणि ‘सेफोरा’ हा सौंदर्यप्रसाधनांचा व्यवसाय २०२३ मध्ये विकून टाकण्यात आला. एकाच वेळी अनेक नावे हाती घेण्याचा सोस अंगाशी येतो, हा धडा बहुधा २००१ सालचाच.

कापसाच्या बाबतीतही एक वर्तुळ पूर्ण झाल्यासारखे दिसते. कस्तुरभाईंना चांगल्या कापसासाठी सातासमुद्रापार पाहावे लागले होते. अरविंदने विदर्भातील अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांबरोबर सेंद्रिय कापसाचा उपक्रम हाती घेतला, जिथे फवारणीच्या विषाने माणसांसकट असंख्य जिवांची हानी होते, तिथे रसायनांविना पिकविलेला कापूस खरेदी करण्याचा. कर्जाखाली पिचलेल्या त्या प्रदेशात असे प्रयत्न व्याप्तीने लहान आहेत, हे खरे.

आणि खादी. १९३० च्या दशकात गिरणी व चरखा यांच्यातील ज्या वादाने कस्तुरभाई आणि गांधीजी यांना समोरासमोर बसविले, त्याचा एक अनपेक्षित उत्तरार्ध अलीकडे घडला. खादी व ग्रामोद्योग आयोगाने २०१७ मध्ये अरविंदशी खादी डेनिमच्या विक्रीसाठी करार केला. २०२० मध्ये ‘पॅटागोनिया’ या अमेरिकन कंपनीने अरविंदमार्फत सुमारे ३० हजार मीटर खादी डेनिम खरेदी केले, किंमत १ कोटी ८ लाख रुपये. ते कापड अरविंदच्या मागांवर विणलेले नव्हते. राजकोट जिल्ह्यातील गोंडल येथील खादी संस्थेच्या कारागिरांनी ते हाताने कातले आणि हातमागावर विणले होते.